हरणाऱ्याच्या हातातली तलवार

आमच्या दोजोत, म्हणजे शिकायच्या जागेत, जोडीने काता म्हणजे वार आणि उत्तरांचा ठरलेला क्रम चालू असला की हरणारा माणूस कायम सीनियर असतो. नवीन आलेल्याच्या हातात काठी, समोर वर्षानुवर्षं प्रॅक्टिस केलेल्या सेनपाई म्हणजे सीनियर नाहीतर खुद्द सेन्सेई म्हणजे शिक्षक लाकडी तलवार घेऊन उभे, वार ते करणार, आणि नवा माणूस तो वार चुकवून त्यांच्या मनगटावर मारणार, पोटाशी टोक रोखणार, तलवार खाली झोडपून काढणार, आणि काता संपताना एकेक पाऊल मागे जाणार ते तलवारवालेच. बहुतेक सगळ्या कातांचा शेवट हाच. बघायला येणारे लोक हमखास विचारतात की एवढा अनुभव असलेला माणूस सारखा हरतो का, आणि हा प्रश्न मला फार आवडतो, कारण पारंपरिक जपानी मार्शल आर्ट्समध्ये शिकवणं कसं चालतं ते जवळपास सगळं या एका प्रश्नात येतं. म्हणून आज त्यावरच लिहिते. जरा लांबेल, पण सविस्तर लिहायचं कधीपासून मनात होतं.

मी शिकते ते जोदो, काठीची विद्या. कराटे, ज्युदो, आयकिदो, केंदो ही नावं बहुतेकांच्या कानावरून गेलेली असतात, जोदोचं नाव काढलं की समजावून सांगावं लागतं, आणि मी आनंदाने सांगते. काठी १२८ सेंटिमीटर लांब, जाडी साधारण २.४ सेंटिमीटर, पांढऱ्या ओकची, सरळसोट गोल, ना मूठ ना पातं ना अणकुची. समोरची लाकडी तलवार म्हणजे बोकुतो, ती साधारण १०२ सेंटिमीटरची. म्हणजे काठी तलवारीपेक्षा जेमतेम वीतभर लांब, आणि आमचं निम्मं शिक्षण त्या वीतभर फरकात राहायचं कसं हेच असतं: तलवार पोचणार नाही पण काठी पोचेल अशा जागी उभं राहायचं, आणि ती जागा तर दर पावलाला बदलत असते. काठीची दोन्ही टोकं सारखी असल्यामुळे पुढे असलेलं टोक क्षणात मागे जातं आणि मागचं पुढे येतं, उजव्या हाताने जे करायचं ते सगळं डाव्यानेही करायचं. आमच्याकडे एक जुनी ओळ सांगतात, की खुपसलं तर ती भाला होते, फिरवली तर नागिनाता (लांब दांड्याला वाकडं पातं असलेलं शस्त्र) आणि धरली तर तलवार. काठी हातात घेऊन काही काळ गेला की ही ओळ नुसती छान वाटत नाही, पटते, कारण एकाच कातामध्ये ती तिन्ही कामं करून जाते.

या विद्येची सुरुवातच एका हरण्यापासून होते. परंपरेत गोष्ट अशी सांगतात की १७ व्या शतकाच्या सुरुवातीला मुसो गोन्नोसुके नावाचा एक तलवारबाज त्या काळचा प्रसिद्ध तलवारबाज मियामोतो मुसाशी याच्याशी लढला आणि हरला. मग तो फिरत फिरत क्यूशू बेटावर, आजच्या फुकुओका भागात आला आणि दाझाईफूजवळच्या होमान डोंगरावर, कामादो देवस्थानात ३७ दिवस व्रत धरून राहिला. शेवटी स्वप्नात त्याला संदेश मिळाला की गोल लाकूड हातात घे आणि सुइगेत्सू ओळख. सुइगेत्सू म्हणजे छातीच्या हाडाखालचा खळगा, जिथे नुसतं बोट रोवलं तरी श्वास अडकतो. त्याने ही काठी बनवली, तिची तंत्रं बांधली आणि परंपरेप्रमाणे पुन्हा मुसाशीसमोर उभा राहून या वेळी जिंकला. त्याच्या शाळेचं नाव शिंतो मुसो-र्यू. फुकुओकाच्या कुरोदा घराण्याने ती आपल्या संस्थानातच सांभाळली, बाहेर जाऊ दिली नाही. १८६८ मध्ये मेजी राजवट आली, १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली, सामुराई वर्गच संपला, आणि अशा कितीतरी शाळा त्या काळात विझून गेल्या. ही टिकली त्याचं मोठं श्रेय फुकुओकातल्या शिराइशी हानजिरो यांना, त्यांनी ती पुढच्या पिढीच्या हातात दिली, आणि त्यांचे शिष्य शिमिझु ताकाजी (१८९६–१९७८) ती टोकियोत घेऊन गेले, पोलिसांना शिकवली, सगळ्यांसाठी खुली केली. १९६८ मध्ये अखिल जपान केंदो फेडरेशनने १२ कातांचा एक प्रमाणित संच ठरवला, त्याला सेइतेई म्हणतात. आम्ही आधी हे १२ शिकतो आणि मग हळूहळू जुन्या शाळेच्या कातांकडे जातो.

आता परत त्या हरणाऱ्याकडे. तलवारीच्या बाजूला उचिदाची म्हणतात आणि काठीच्या बाजूला शिजो. वार उचिदाची सुरू करतो आणि बहुतेक काता शिजोच्या जिंकण्यावर संपतात. कागदावर हे नाटकासारखं वाटतं, ठरलेला वार, ठरलेलं उत्तर. पण त्या वारासमोर प्रत्यक्ष उभं राहिलं की कळतं की सगळा जीव त्या वारातच आहे. संचातला दुसरा काता घेऊ, त्याचं नावच सुइगेत्सू. तलवारवाला डोक्यावर सरळ वार करतो. काठीवाल्याने मागे जायचं नाही, उजवीकडे तिरकं पुढे जायचं, म्हणजे तलवारीच्या जवळ जायचं, आणि त्याच पावलात काठीचं टोक त्याच्या सुइगेत्सूवर. एवढंच. लिहायला दोन ओळी.

पण हे करताना नक्की काय होतं ते सांगते. सेनपाई समोर उभ्या, तलवार उजव्या खांद्याशी उभी धरलेली, आणि त्या चालत येतात, घाई नाही, पण थांबतही नाहीत. नजर थेट डोळ्यांत. अंतर कमी होत जातं आणि एका ठिकाणी आल्यावर पोटात काहीतरी हलतं, त्याच्या पुढचं पाऊल पडलं की तलवार माझ्या डोक्यापर्यंत पोचणार हे शरीराला आधी कळतं आणि डोक्याला नंतर. सगळं शरीर ओरडून सांगत असतं की आत्ताच हल, आणि आत्ताच हललं की संपलं. कारण वार अजून सुटलेला नसतो, आणि सेनपाईंची तलवार माझ्या मागोमाग वळते, मी जिथे सरकले तिथेच, माझ्या डोक्याच्या वर येऊन थांबते. त्या एक शब्द बोलत नाहीत. परत जागेवर जातात, परत चालत येतात. उलट वार सुटेपर्यंत थांबता आलं तर तलवारीला वळायला वेळच उरत नाही, ती जिथे माझं डोकं होतं त्या रिकाम्या जागेतून खाली जाते, कानाजवळून हवा कापल्याचा आवाज येतो, आणि माझ्या काठीचं टोक त्यांच्या दोगीच्या, म्हणजे प्रॅक्टिसच्या पोशाखाच्या, कापडाशी पोचलेलं असतं. त्या क्षणी आम्ही दोघी इतक्या जवळ असतो की त्यांचा श्वास ऐकू येतो.

हे सगळं होण्यासाठी तो वार खरा लागतो. म्हणजे खरोखर माझ्या डोक्याच्या मधोमध येणारा, खरोखर पोचणारा. तलवारवाल्याने दयाळूपणा म्हणून वार थोडा बाजूला घेतला, किंवा एक वीत आखूड ठेवला, तर मी जागची नाही हलले तरी मला काहीच होणार नाही, आणि मग माझं शरीर शिकतं की एवढं हललं तरी चालतं. चुकीचं अंतर अंगात मुरतं आणि ते काढायला पुढे फार वेळ लागतो. म्हणजे ज्याला आपण सांभाळून घेणं म्हणतो ते इथे शिकणाऱ्याचं नुकसान असतं. पण त्याच वेळी मी खरंच हलले नाही तर ती ओकची तलवार माझ्या डोक्यावर बसता कामा नये, ती केसांच्या वर थांबली पाहिजे. पूर्ण जोराचा, खरा, पोचणारा वार, आणि शेवटच्या क्षणी थांबवण्याची ताकद हातात. हे दोन्ही एकाच वेळी कोणाला जमणार? नवीन माणसाला नाहीच जमणार. म्हणून तलवार सीनियरच्या हातात.

आणि एवढंच काम नाही त्याचं. अंतर तो ठरवतो, वेग तो ठरवतो. समोरचा आज काय करू शकतो ते बघून त्याच्या किंचित पुढे राहतो, नवशिक्यासाठी वार सावकाश येतो पण सरळच येतो, मुरलेल्यासाठी तोच वार असा येतो की विचार करायला जागा नाही. काता तोच, पावलं तीच, पण वर्षानुवर्षं तो तितकाच अवघड राहतो कारण समोरचा माणूस तो अवघड ठेवतो. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त एक माणूस हरताना दिसतो.

बेसिक प्रॅक्टिसमध्येसुद्धा हेच. आमचे किहोन म्हणजे मूलभूत प्रकार १२ आहेत, आधी एकट्याने करायचे आणि मग तलवारीसमोर. त्यातला हिकिओतोशी नावाचा प्रकार मला सगळ्यात प्रिय आहे आणि सगळ्यात जास्त घाम पण त्यालाच. काठी शरीराच्या मागे लपवल्यासारखी धरायची, तिथून डोक्यावरून आणून समोर रोखलेल्या तलवारीवर अशी उतरवायची की तलवार खाली आणि बाजूला फेकली जाते. खांद्याच्या जोराने मारलं तर मोठ्ठा आवाज येतो आणि तलवार जागची फार हलत नाही. कमरेतून, सगळं शरीर एकदम खाली बसवत मारलं तर आवाज छोटा, कोरडा, खट् असा, आणि समोर तलवार नसतेच. त्या वेळी तलवार धरून उभ्या असलेल्या माणसाकडे बघा कधी. त्याने मूठ आवळून धरली तर मनगटाला मार बसेल आणि बरोबर मारलेलाही फटका चुकीचा वाटेल. सैल धरली तर कसाही फटका मारला तरी तलवार पडेल आणि मारणारा खूश होईल. लढताना जशी धरेल अगदी तशीच त्याला धरायची असते, फटक्यामागून फटका घेत, पूर्ण क्लासभर. सेन्सेई एवढंच म्हणतात, "खोटी पडू देऊ नकोस आणि खोटी धरू पण नकोस."

काठीबद्दल एक राहिलंच. तिला पॉलिश किंवा व्हार्निश नसतं, कारण ती तळहातातून सतत सरकत राहिली पाहिजे, व्हार्निश घामाने चिकटतं. तलवारीच्या धारेचे घाव बसून बसून तिच्यावर खळगे पडतात आणि कधीकधी बारीक कुसळ उभं राहतं, म्हणून क्लास संपला की मी डोळे मिटून बोटं तिच्या लांबीवरून फिरवते, खरखरीत लागलं तिथे बारीक सँडपेपर, मग थोडं जवसाचं तेल, आणि पुसून वाळायला ठेवायची. माझ्या काठीवर एका टोकापासून हातभर अंतरावर खळग्यांचा एक दाट पट्टा झालाय, तिथे सगळे हिकिओतोशी बसलेत. काठी बदलायची वेळ आली तरी ही मी ठेवणार आहे.

सीनियरने हरायचं ही रीत फक्त आमच्याकडे नाही. केंदोत १९१२ मध्ये ठरवलेले १० काता आहेत, ७ लांब तलवारीचे आणि ३ छोट्या तलवारीचे, त्यातही उचिदाची म्हणजे शिक्षकाची जागा आणि तोच शेवटी हरतो. केंदोच्या रोजच्या प्रॅक्टिसमध्ये मोतोदाची असतो, तो सीनियर, तो बरोबर क्षणी डोक्यावरची किंवा मनगटाची जागा उघडी करतो आणि समोरचा मारतो. चांगला मोतोदाची जागा अशी उघडतो की मारणाऱ्याला वाटतं ती आपणच शोधली, आणि उशीर झाला की ती बंद. कराटेतल्या ठरवून केलेल्या कुमितेत, म्हणजे जोडीच्या लढतीत, हल्ला करणारा आधी सांगतो कुठे मारणार, तिथेही तोच नियम, मुक्का जर तोंडापर्यंत येतच नसेल तर ब्लॉक कशाला शिकायचा. ज्युदो आणि आयकिदोत जरा वेगळं आहे, तिथे शिक्षक फेकून दाखवतो आणि पडणारा बऱ्याचदा शिष्य असतो, पण पडणं ही तिथे पहिली विद्या आहे, उकेमी म्हणजे नीट पडणं आल्याशिवाय पुढे जाऊच देत नाहीत, हनुवटी छातीशी, हाताचा सपाट फटका तातामीवर, म्हणजे खालच्या चटईवर, डोकं कधीही टेकता कामा नये. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशोजी मंदिरात १२ तातामींच्या जागेत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली तेव्हा त्यांच्यासमोर हाच प्रश्न होता की माणसं एकमेकांना पूर्ण ताकदीने फेकतील आणि उद्या परत प्रॅक्टिसला येतील असं कसं करायचं. नीट पडता येणारा पार्टनर असेल तरच फेकणाऱ्याला पूर्ण फेकता येतं. म्हणजे तिथेही एकाचं शिकणं दुसऱ्याच्या शरीरावर उभं आहे.

यावर एक आक्षेप मी खूप वेळा ऐकलाय, विशेषतः स्पारिंग करणाऱ्या मित्रांकडून, की तुमचं सगळं ठरलेलं असतं, समोरचा काय करणार हे माहीत असतं, मग यात लढणं कुठे आहे. हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. जपानमध्येही हा वाद जुना आहे. एदो काळात (१६०३–१८६८) लढाया थांबल्या, पिढ्यान्‌पिढ्या शांततेत गेल्या, आणि बऱ्याच ठिकाणी काता नुसते देखणे होत गेले, म्हणूनच १८ व्या शतकात बांबूची तलवार म्हणजे शिनाई घेऊन आणि अंगावर चिलखत घालून मोकळं लढायची पद्धत वाढली, त्यातूनच पुढे आजचा केंदो आला. कानोंनीसुद्धा रांदोरी म्हणजे मोकळी झटापट आणि काता दोन्ही ठेवले. माझं मत असं की काता मरतो तो उचिदाची मेला की. काठीवाला कितीही मन लावून करू दे, समोरून येणारा वार जर सवयीचा, झोपाळू, कुठेही न पोचणारा असेल तर ती कवायत झाली, त्यावर वाद नाही. पण वार जिवंत असेल तर पुढे काय येणार हे माहीत असूनही शरीर थरथरतं, वेळ पकडावी लागते, आणि तीच तर अवघड गोष्ट आहे. वार डोक्यावरच येणार हे मला माहीत असतं. कधी येणार ते माहीत नसतं. त्या कधीचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही, ते समोरच्या माणसाच्या खांद्यात आणि श्वासात बघावं लागतं. आणि स्पारिंगमध्ये नसलेली एक गोष्ट इथे मिळते, ती म्हणजे तोच क्षण पुन्हा पुन्हा. मोकळ्या लढतीत बरोबर वेळ एकदा साधली तर ती निघून जाते, इथे सेनपाई परत जागेवर जातात आणि तोच क्षण परत माझ्यासमोर आणून ठेवतात.

मला मेसेज करून बरेच जण विचारतात की दोजो कसा निवडायचा. शाळा कुठली, सेन्सेई कोणाकडून शिकले, हे जरूर विचारा, पारंपरिक शाळेत हे विचारणं अपमानाचं नसतं, उलट चांगले शिक्षक आपल्या गुरूंचं नाव स्वतःहून आणि अभिमानाने सांगतात. पण त्याआधी कडेला बसून एक पूर्ण क्लास बघा. आणि बघताना सेन्सेईंकडे कमी बघा, सीनियर लोकांकडे जास्त बघा, ते नवीन माणसाबरोबर जोडीला आले की काय करतात. काही ठिकाणी सीनियर नवीन माणसावर स्वतःची प्रॅक्टिस करून घेतात, त्याला आपटतात, त्याच्या मनगटावर जोर काढतात, आणि त्याला कडक शिस्त म्हणतात. माझ्या मते तिथून उठून यावं. काही ठिकाणी उलट, इतकं जपतात की नवीन माणसाला कधी काही पोचतच नाही, तिथेही फार काही शिकायला मिळणार नाही. नवीन माणूस घाबरलेला आहे, पण हसतोय, आणि परत परत उभा राहतोय असं दिसलं तर नाव घाला. वय, वजन, फिटनेस याची चिंता करू नका, आमच्याकडे सगळ्या वयाचे लोक आहेत. गुडघे दुखत असतील तर सेइझा म्हणजे टाचांवर बसायच्या बैठकीबद्दल आधीच सांगून ठेवा, चांगला दोजो मार्ग काढतो. सामान लगेच विकत घेऊ नका, काठी आणि बोकुतो दोजोत असतात, आधी त्यावर हात बसू दे.

बेल्टबद्दल पण विचारतात. दान म्हणजे ब्लॅक बेल्टच्या श्रेणींची पद्धत कानोंनी १८८३ मध्ये ज्युदोत आणली आणि तिथून ती सगळीकडे गेली, फेडरेशनच्या जोदोतही दान आहेत. जुन्या शाळेत मात्र टप्पे कागदाच्या गुंडाळ्यांचे असतात, ओकुइरी, मग मोकुरोकू, आणि शेवटी मेन्क्यो काइदेन, म्हणजे शाळेचं सगळं हातात दिलं. त्याला किती वर्षं लागतात हा प्रश्न आमच्या दोजोत कोणी विचारत नाही. कमरेला दिसण्यासारखं काही नसतं, आणि कोण सीनियर आहे ते बघायचं असेल तर सोपं आहे, तलवार कोणाच्या हातात आहे बघायचं.

फेडरेशनच्या ग्रेडिंगला दोन्ही बाजू करून दाखवाव्या लागतात, काठीची झाली की अदलाबदल करून तलवारीची. म्हणून एका टप्प्यावर तलवार आपल्याही हातात येते. ती माझ्या हातात आली तेव्हा सेन्सेईंनी मला एका नवीन मुलासमोर उभं केलं, काता सुइगेत्सू, आणि म्हणाले, "त्याला मार. खरंच मार. आणि त्याला लागू देऊ नकोस." मी पहिलं पाऊल टाकलं आणि तेव्हा लक्षात आलं की सेनपाई इतकी वर्षं काय करत होत्या. त्या मुलाचे खांदे वर आलेले, मूठ पांढरी पडलेली, उजवं पाऊल आधीच बाहेर पळायला निघालेलं, हे सगळं मला तलवारीच्या बाजूने स्पष्ट दिसत होतं, काठीच्या बाजूने कधी दिसलंच नसतं. माझा वार आखूड पडावा असं आतून वाटत होतं, कोणालाही वाटेल, समोर एक घाबरलेला माणूस आहे. पण मग त्याच्या डोक्याच्या मधोमध नजर ठेवली आणि वार सरळ सोडला, सावकाश, पण पोचणारा. तो हलला. काठीचं टोक थोडं खाली आलं, पोटाच्या जरा खालीच, पण तो हलला, आणि बरोबर वेळेला हलला. माझी तलवार रिकाम्या जागेतून खाली गेली आणि मला इतका आनंद झाला की मी जिंकून कधी झाला नसेल.

मग मी मागे गेले, रीतीप्रमाणे, आणि तो त्याच्या काठीचं टोक माझ्या डोळ्यांकडे रोखून पुढे आला. त्याला हे पण शिकावं लागतं, हरलेल्या माणसाकडे शेवटपर्यंत लक्ष ठेवणं, त्याला झांशिन म्हणतात. केंदोच्या मॅचमध्ये पॉइंट मिळाल्यावर हात उंचावून आनंद दाखवला तर तो पॉइंट काढूनही घेतात, इतकं त्याला महत्त्व आहे. आणि हरलेल्या बाजूने पण ते सोडायचं नसतं. मागे जाताना माझी नजर पडली, मी मनातून काता संपवून टाकला, तर त्याचं लक्षही लगेच सुटतं, हे मी समोरासमोर पाहिलंय. म्हणजे नीट हरणं हेही शेवटच्या पावलापर्यंत करायचं काम आहे.

सध्या मी रानआईची तलवारीची बाजू शिकतेय, संचातला १२ वा, शेवटचा काता, लांब आहे, वारामागून वार आहेत, आणि प्रत्येक वाराला काठीकडून उत्तर येतं. माझी अडचण वेगाची आहे. दोन-तीन वार झाले की मी पुढच्या वाराची घाई करते आणि काठीवाल्याला त्याचं उत्तर पूर्ण करायला जागा राहत नाही. सेनपाई म्हणतात की त्याचा फटका तुझ्यापर्यंत पूर्ण पोचू दे, तो तुला जाणवू दे, आणि मगच पुढचा वार काढ. या आठवड्यात त्या काठी घेऊन माझ्यासमोर उभ्या राहणार आहेत, आणि सगळ्या क्लासमध्ये आम्ही फक्त तेवढंच करणार आहोत.